परतीचे तिकीट

हल्ली आपल्या धर्मग्रामांतील बरीच कुटुंबे जलपर्यटनाला जाऊ लागली आहेत. मुले आखातात अथवा जहाजांवर नोकरीला, पेन्शन हाताशी, गुडघे अजून साथ देणारे. मग संत पौलाच्या वाटेने ग्रीस-इटलीची सागरयात्रा करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा यात्रेसोबत धर्मगुरू म्हणून जाण्याचा योग आम्हांला दोनदा आला. त्यामुळे लोक आमच्याकडे चौकशीला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. “फादर, शेवटच्या दिवशी जहाज पहाटेच बंदराला लागते. मग त्याच दिवशी दुपारचे विमान धरले तर काय बिघडले? एका रात्रीचे हॉटेल तरी वाचेल.”

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका वाक्यात देऊ शकत नाही. ते द्यायचे तर २०१३ सालापर्यंत मागे जावे लागते.

ते श्रद्धावर्ष होते. नोव्हेंबरात सोळा जणांचा गट घेऊन आम्ही निघालो. अथेन्सला उतरून करिंथ पाहिले, पिरेयस बंदरात जहाजावर चढलो आणि सात रात्रींनी व्हेनिसला उतरणार होतो. परतीच्या तिकिटांची आखणी आमचीच. (येथे ‘आम्ही’ म्हणजे गट नव्हे, प्रस्तुत लेखक, दोष वाटून घ्यायला दुसरे कोणी नाही.) जहाज शनिवारी सकाळी सहाला लागणार होते. दुपारी बाराच्या सुमाराचे व्हेनिस-रोम विमान आणि पुढे संध्याकाळी रोमहून आखातमार्गे मुंबई, असा बेत आम्ही केला. दोन्ही तिकिटे वेगवेगळ्या बुकिंगवर काढली, कारण तशी ती माणशी काही हजारांनी स्वस्त पडत होती. एजंटाने एकदा चाचरत विचारले, “फादर, जरा ओढाताण नाही का होणार?” आम्ही हसून विषय बदलला.

गटात एक शेतकरी गृहस्थ होते. त्यांच्या सख्ख्या भाचीचे लग्न रविवारी दुपारी चार वाजता होते. पुढच्या रविवारपासून आगमनकाळ सुरू होत असल्याने लग्न पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. बाप लहानपणीच गेल्यामुळे त्या मुलीला मामानेच वाढविले होते. निघण्यापूर्वी ते आमच्याकडे आले आणि टोपी हातात घेऊन म्हणाले, “फादर, रविवारी सकाळी पोहोचू ना? नाहीतर मी राहतो.” आम्ही म्हणालो, “देव पोहोचवील. तुम्ही निर्धास्त चला.”

शुक्रवारी रात्री जहाजावरील छोट्या दालनात आम्ही मिस्सा अर्पण केली आणि प्रवचनासाठी संत पौलाच्या रोमकडील प्रवासाचाच प्रसंग घेतला. क्रेत बेटापाशी ऋतू उलटून गेला होता. पुढे जाऊ नका असे पौलाने बजावले, पण शताधिपतीने कप्तान आणि जहाजमालक यांचे ऐकले. शेवटी २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्यावर फळ्यांना धरून पोहोचली. आम्ही हे मोठ्या रसाने सांगितले. ऐकणाऱ्यांनाही आवडले.

शनिवारी पहाटे जाग आली ती भोंग्याने. खिडकीबाहेर कापूस पिंजून ठेवल्यासारखे धुके. नोव्हेंबरात व्हेनिसच्या खाडीवर असे धुके उतरते हे तेथील पोरेसोरेही जाणतात. जहाज लिडोच्या मुखाबाहेर उभे राहिले आणि साडेनऊपर्यंत हलले नाही. मग संथपणे संत मार्कच्या चौकासमोरून आत गेले. (१ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या मार्गाने जाण्यास बंदी आहे.) डेकवर लोक छायाचित्रे घेत होते. आम्ही घड्याळ पाहत होतो. ते गृहस्थ आमच्याकडे पाहत होते.

जमिनीवर पाय ठेवला तेव्हा एक वाजून गेला होता. पहिले विमान उडाले होते. दुसऱ्या विमान-कंपनीचा पहिल्याशी काहीच संबंध नव्हता. तिच्या दृष्टीने आम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, बस्स. सोळा जणांना एकत्र जागा सोमवारची मिळाली. एकट्यादुकट्यासाठी जी जागा होती ती रविवारी रात्री मुंबईत उतरविणारी. त्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मग सर्वांबरोबरच येतो.” वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला, त्याचा हिशेब येथे नको.

रविवारी सकाळी मेस्त्रे येथील एका साध्या लॉजच्या भोजनगृहात सारे गप्प बसलो होतो. नोव्हेंबरात आपले घड्याळ इटलीच्या साडेचार तास पुढे. तिकडच्या साडेअकराला ते गृहस्थ खुर्चीवरून उठले आणि हात जोडून उभे राहिले. कोणी काही विचारले नाही. वसईत त्या घटकेला वधू चर्चच्या दारातून आत येत असणार आणि सगळी मंडळी उभी असणार, हे सर्वांना कळले होते. ते पाचेक मिनिटे तसेच उभे होते. मग बसले आणि राहिलेला चहा प्याले.

“फादर, धुके काय तुमच्या हातात होते?” असे ते पुढे आम्हांला वारंवार म्हणाले. त्यांच्या बहिणीने, वधूच्या आईने, मात्र आमच्याशी बोलणे सोडले. मिस्सेला येत, परंतु बाहेर पडताना आम्ही ज्या दाराशी उभे असू त्याच्या दुसऱ्या दाराने जात. त्यांचे चुकले असे आम्हांला कधीच वाटले नाही. धुके आमच्या हातात नव्हते हे खरे. पण धुक्यासाठी एक दिवस मोकळा ठेवणे आमच्या हातात होते, आणि ज्याला ‘मी राहतो’ म्हणायचे होते त्याला तसे म्हणू देणेही. आमच्या निष्काळजीपणावर आम्ही देवाच्या नावाची सही केली होती. पुढे आमची बदली झाली. ते गृहस्थ २०१९ साली देवाघरी गेले.

दुसरी यात्रा २०२४ च्या सप्टेंबरातील. पिरेयसहून कुशादासी, पात्म, क्रेत, माल्टा असे करीत चिवितावेक्याला उतरायचे. या वेळी आम्ही परतीचा कागद आधी मांडला आणि जाण्याचा मागाहून. त्यातील काही गोष्टी निघू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो.

छापील कार्यक्रमात जी वेळ असते ती जहाज लागण्याची, माणसे उतरण्याची नव्हे. बंदराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय कोणी उतरत नाही. आदल्या रात्री बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या खोलीबाहेर ठेवायच्या आणि सकाळी आपला रंग पुकारला की खाली जाऊन शेकडो बॅगांतून आपली ओळखायची. (औषधे आणि पासपोर्ट त्या बॅगेत टाकू नयेत. आमच्यातील एकाने चप्पलही त्यातच टाकली आणि तो अनवाणी न्याहारीला आला.) शिवाय ‘रोम बंदर’ म्हणून जे जाहिरातीत असते ते रोममध्ये नाहीच. सम्राट त्राजानने दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधविलेले हे बंदर रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. फ्युमिचिनो विमानतळ गाठायला बसने तासाहून अधिक वेळ लागतो. आगगाडीने जायचे तर रोमला गाडी बदलावी लागते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे म्हणतात. ही बेरीज पाटीवर मांडली की दुपारचे विमान किती जवळ येते ते दिसते.

आणि संप! इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, हा त्यांचा मोठेपणा. त्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या चालवितात. जहाजातून उतरलेला मनुष्य स्टेशनवर येतो तो नेमका या दोन वेळांच्या मध्ये.

तिकीट अथेन्सला जाणारे आणि रोमहून परतणारे असे एकाच बुकिंगवर काढले. किंचित महाग पडले. पण एका विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले तर जबाबदारी कंपनीवर राहते. व्हिसा अनेक प्रवेशांचा घेतला, कारण कुशादासी तुर्कस्तानात आहे. तेथे उतरून पुन्हा ग्रीसमध्ये येणे हा शेंगेन देशांत नव्याने प्रवेश ठरतो आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तेथेच संपतो. व्हिशाच्या दिवसांत व विम्याच्या मुदतीत शेवटचा मोकळा दिवसही मोजून घेतला. हे वाचताना रुक्ष वाटेल. आम्हांला लिहिताना वाटत नाही.

यात्रेपूर्वीच्या सभेत मागच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या होत्या. पांढरे केस, चेहरा ओळखीचा. सगळ्यांचे प्रश्न झाल्यावर त्या उठल्या. “फादर, उतरल्यावर विमान कधी?”

“दुसऱ्या दिवशी दुपारी, मावशी.”

“मग माझे नाव लिहा.”

अकरा वर्षांत त्या आमच्याशी बोललेली ही पहिली वाक्ये.

जहाजावर आमच्या भोजनाच्या टेबलाशी आपल्या वसईचाच एक तरुण वाढायला होता. आम्ही तिकिटांची एवढी चर्चा करतो याचे त्याला हसू येई. त्याचे परतीचे तिकीट कंपनी काढते. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार खलाशाला घरी पोहोचविण्याचा खर्च जहाजमालकाचा असतो. पण तारीख त्याच्या हाती नसते. करार संपला तरी त्याच्या जागी येणारा आला नाही तर मुक्काम वाढतो. २०२० साली मार्चमध्ये जहाजे थांबली तेव्हा त्याच्यासारखे हजारो जण महिनोन्‌महिने समुद्रावरच अडकून पडले होते. तो सांगत होता, “फादर, तेव्हा आम्हांला जहाजावरून शहर दिसायचे. उतरता येत नव्हते.” या खेपेस चिवितावेक्यालाच उतरायचे पत्र त्याला मिळाले होते. दोन दिवस आधी कळले की बदली माणूस आलेला नाही. आणखी एक फेरी. त्याने घरी आधीच कळवून टाकले होते. मावशींनी त्याच्या आईचे नाव-गाव विचारून घेतले.

आता गंमत पाहा. या वेळी जहाज अगदी घड्याळाच्या ठोक्याला लागले. ना धुके, ना वारा, ना संप. नऊ वाजता आम्ही सर्व सामानासह धक्क्यावर उभे होतो. गटातील एका हिशेबी गृहस्थाने ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, “आजचे विमान आरामात मिळाले असते. हॉटेलचे पैसे फुकट!” त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही मान डोलावली.

हातात आलेला तो रिकामा दिवस मात्र कारणी लागला. त्या गावात जपानी हुतात्म्यांच्या नावाने चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झाले. पुन्हा उभारल्यावर लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने १९५०च्या दशकात ते भित्तिचित्रांनी सजविले. माता मरिया किमोनो नेसलेली, कडेवर बाळ. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर प्राण दिलेले हुतात्मे. त्या २६ जणांत आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत, हे आमच्यातील कित्येकांना तेथे उभे राहिल्यावरच उमगले. आपल्याच गावचा मनुष्य, घरापासून इतक्या दूर, तिसऱ्याच देशातील भिंतीवर. मावशींनी विचारले, “यांतला आपला कोणता?” आम्हांला दाखविता आले नाही. त्यांनी सगळ्यांनाच हात जोडले.

संध्याकाळी जुन्या किल्ल्याजवळच्या कठड्यावर सारे बसलो होतो. आमचे जहाज नवे प्रवासी घेऊन निघाले. दिवे लागलेले, वरून संगीताचा मंद आवाज. कोणीतरी हात हलविला. इतक्या अंतरावरून माणसे दिसणे शक्य नव्हते आणि तो तरुण त्या वेळी बहुधा भोजनगृहात थाळ्या मांडीत असणार. तरी मावशींनी जहाज बंदराच्या भिंतीपलीकडे जाईपर्यंत रुमाल हलविला.

मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले एक पुडके काढले. त्याने आईसाठी दिलेले. सोमवारीच नेऊन देते म्हणाल्या. ते मोठ्या बॅगेत ठेवावे की हातातल्या, हे त्यांना आमच्याकडून जाणून घ्यायचे होते.

“आत काय आहे, मावशी?”

“अत्तराची बाटली आणि चॉकलेटे, म्हणाला.”

“बाटली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी असेल तर मोठ्या बॅगेत.”

त्यांनी पुडके दिव्याखाली धरून सोडले. चष्मा आम्हीच लावला आणि बाटलीवरचा आकडा वाचू लागलो.