पाठ टेकली तरी

आमच्या मंठ्याच्या घरात कुस्तीचा एकच कायदा. पाठ मातीला लागली की हरलात. अब्बांनी तरुणपणी उरुसाच्या फडात कुस्त्या मारल्या. आम्ही बी.एड. करून हातात खडू धरला.

गेल्या हिवाळ्यात अब्बा अंगणात घसरले, उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झाले, पण मन उठेना. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करीत नसत. कोणी भेटायला आले की भिंतीकडे तोंड. "पाठ टेकली माझी," एवढेच म्हणत.

सुट्टीत पुण्याहून भाचा आला. तो ब्राझिलियन जिउजित्सू शिकतो. 1914 साली मित्सुयो माएदा हे जपानी ज्युदोपटू ब्राझीलला पोहोचले, त्यांच्या शिकवणीतून तिथे ही विद्या वाढली. भाचा सतरंजीवर उताणा झोपला. "मामू, उभे राहा. आता मला सोडवून दाखवा."

"हा तर आधीच हरला!" अब्बा पलंगावरून म्हणाले. कित्येक दिवसांनी आवाज चढला होता.

भाच्याने उजव्या हाताने आमची डावी टाच धरली. उजवा पाय आमच्या डाव्या पायाला बाहेरून वेढला आणि पाऊल मांडीच्या आतून अडकवले, विहिरीतली घागर काढायच्या गळासारखे. डाव्या हातात आमची बाही, डावा पाय आमच्या दुसऱ्या गुडघ्यावर रोवलेला. पुढे जावे तर त्याचा पाय लोटतो, मागे सरावे तर गळ ओढतो. उभे आम्ही, पण ताबा त्याचा. मग एक हिसका, आणि आम्ही चीतपट. (वर्गात हे सांगणार नाही, उद्या पालक येतील.)

ब्राझीलच्या रिकार्डो दे ला रिवा यांनी 1980 च्या दशकात ही पकड गाजवली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखतात.

"आमच्या पंचांनी कधीच निकाल दिला असता," अब्बा म्हणाले. मग गामा पहिलवान निघाले. 10 सप्टेंबर 1910, लंडन. पाठ लागू नये म्हणून झ्बिस्को अडीच तासांच्या कुस्तीत बहुतेक वेळ पालथाच पडून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली. "तो पालथा पडून वाचला. हा पोरगा उताणा पडून लढतो. बेटा, टाच कोणत्या हाताने धरलीस? परत दाखव."

आम्ही परत पडलो.

तिसऱ्या दिवशी इशानंतर औषध घेऊन पलंगाजवळ उभे होतो. अब्बांचा धडधाकट डावा पाय चादरीतून हळूच सरकला आणि पाऊल आमच्या गुडघ्यामागे अडकले.

"आता जा."

निम्मे औषध सतरंजीवर सांडले.