रिकामी सुई

भरतकामाची सुई दोऱ्यावाचून निरुपयोगी. फिजिओथेरपिस्टची सुई मात्र रिकामीच येते. औषध नाही, पोकळीही नाही. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची भरीव तार. ती शरीरात काही सोडत नाही, तरी दुखणं हलतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आम्ही धारवाडच्या कसूती भरतकामातल्या बायका. कसूतीत कापडावर आधी रेखाटन नसतं. विणीतले उभे-आडवे धागे मोजत गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन उभं करायचं. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंतीचा टाका तर दोन्ही अंगांनी सारखा दिसला पाहिजे. काळ्या चंद्रकळेवर उतरत्या उजेडात धागे मोजू लागलं की खाली गेलेली मान तासन्‌तास वर येत नाही. कापडावर येऊ न दिलेली गाठ मग खांद्यात बसते.

माझं दुखणं होतं कानशिलात. चष्मा बदलला, पित्ताचं औषध झालं. मालमड्डीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मात्र कानशिलाला हातच लावला नाही. खांद्यावरचा ट्रॅपेझियस स्नायू तिनं चिमटीत धरला, अंगठ्यानं चाचपत एका ताठ दोरीपाशी थांबली, दाबलं. कानशिलात नेमकी तीच कळ उठली. दुखतं एकीकडे, मूळ दुसरीकडे. अशा वेदनांचे नकाशे जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ च्या ग्रंथात काढून ठेवले आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर असलेल्या ट्रॅव्हेल अशा जागी औषध टोचत. नुसत्या सुईनंही आराम पडतो, हे चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये दाखवलं.

“सडिल बिडरी, अक्कार,” मुलगी म्हणाली. खांदा सैल सोडायचा, एवढंच माझं काम, आणि तेच अवघड. सुई आत गेली, स्नायू एकदम उसळला. माझ्या इच्छेविना, माझ्याच देहात. मग जडशी ठणक, आणि दुसऱ्या दिवशी मान वळली.

स्नायू नेमका का सुटतो, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. आराम बहुधा थोड्या काळाचा, म्हणून जोडीला व्यायाम लागतो. खांद्याखाली फुप्फुस असतं. शिकलेल्या हाताखेरीज ही सुई कुणाकडून घेऊ नये. मला तर सुईआधीचा तो अंगठा मोठा वाटतो. इतक्या सावकाश माझं दुखणं आजवर कुणी शोधलं नव्हतं. आमच्या आधीच्या बायकांच्या खांद्यांना तर कुणी विचारलंच नाही; त्यांच्या साड्या तेवढ्या जपून ठेवल्या.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचं कापड आता मांडीवर नसतं, उंच पाटावर असतं. एक हत्ती भरून झाला की मी त्यांना उठवते, खांदे फिरवायला लावते. साडी पुरी व्हायला दिवस जास्त लागतात. गिऱ्हाइकाला मी तसंच सांगते, आणि त्या दिवसांचेही पैसे मागते.