चारकोपचे अंगण आणि चार पायांचा पाहुणा

कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेला उतरून चारकोपची बस धरावी आणि सेक्टरांच्या आतल्या गल्ल्यांतून पायीच हिंडावे. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे लहान लहान भूखंड आखून दिले. कष्टकरी माणसांनी पदरमोड करून एकेक खोली चढवीत त्यांवर घरे उभी केली. तीस-पस्तीस घरांची सोसायटी आणि मध्ये सामाईक अंगण, अशी ही रचना. दुपारी कर्ती माणसे कामावर असतात. अंगणात उरतात ती म्हातारी माणसे, आणि सावलीला पसरलेला कुत्रा.

या कुत्र्याकडे आपण एकतर भीतीने पाहतो, नाहीतर ‘हाड’ म्हणून. पण तो आजाऱ्याचा सोबती होऊ शकतो, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांना दिसले की, अबोल मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खुलते. आपल्या मुंबईतही मीनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम रुजविले आहे.

यात जादू काही नाही. कुत्रा शांत स्वभावाचा हवा, लस टोचलेला, आंघोळ घातलेला, नखे कापलेला. पट्टा सतत मालकाच्या हाती. आधी समोरच्याची परवानगी घ्यायची. ज्याला भीती वाटते किंवा जखम उघडी आहे, त्याच्याजवळ न्यायचे नाही. कुत्रा थकला की भेट संपली. आखडलेल्या हाताने त्याचे केस विंचरणे हाही व्यायामच. मात्र हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची थेरं आहेत. पण फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील छायाचित्र पाहा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी! करुणा माणसांपुरती, मैत्री मात्र सर्व प्राणिमात्रांसाठी, हा भेद बाबासाहेबांनीच आपल्याला समजावून दिला. आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितले होते. या कामात मैत्री आणि सेवा दोन्ही एकत्र येतात. त्याला विलायती जातीचा कुत्रा लागत नाही. गल्लीतला, लळा लागलेला, नीट शिकवलेलाही चालतो.

मैत्री म्हणजे गाफीलपणा नव्हे. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद-चुना लावू नये. लगेच रुग्णालय गाठावे. कांदिवलीचे महापालिकेचे शताब्दी रुग्णालय बाबासाहेबांच्याच नावाचे आहे.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले किती, एकटे वृद्ध किती, याची यादी करा. कुत्रा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर भेटीला आपण स्वतः जाऊ या.

जयभीम!