दिंडी, चोरदरवाजा आणि पोर्ट

वसतिगृहात आम्ही ‘माइनक्राफ्ट’ उघडीत असू, तेव्हा खात्यात प्रवेश मिळे, पण सर्व्हरशी जोडणी काही केल्या होत नसे. तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेताच खेळ सुरू झाला. अडसर आवारातील जाळ्याचाच, हे निश्चित झाले. या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सहसा २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर असतो, संकेतस्थळे ८० आणि ४४३ वर. फायरवॉलने हे दोनच खुले ठेवले होते.

‘पोर्ट’ला आमच्यातील काही जण ‘बंदर’ म्हणत, आणि हिंदी भाषक सोबत्यांना माकड आठवे! वस्तुतः हा पोर्ट लॅटिन ‘पोर्ता’चा, म्हणजे दाराचा वंशज. वाड्याचा महादरवाजा मिटला तरी एकेकाला आत घेणारी दिंडी असते. आम्हांला तोच शब्द अधिक नेमका वाटतो. व्हीपीएन म्हणजे मग चोरदरवाजा. तो नियमबाह्य होता, म्हणून आम्ही टाळला.

व्यवस्थापकांस अर्ज केला तो मराठीतच: महादरवाजा नको, शनिवारी सायंकाळपुरती २५५६५ ची दिंडी उघडावी. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “किती वाजेपर्यंत?”