जुनीं नांवें पुसूं नका

गेल्या वर्षीं आमच्या गिरगांवांतील शाळेच्या प्रदर्शनांत लालबागच्या एका विद्यार्थ्यानें संगणकावरील भुयाराचा खेळ मांडला होता. चित्रें नाहींत, केवळ अक्षरें व चिन्हें. भुयार दर डावास नवें. आणि वीर मेला कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. मुलानें कांहीं राक्षसांचें बळ बदललें होतें. नांव मात्र एकट्याचेंच घातलें होतें. आम्हींही चौकशी न करितां त्याची पाठ थोपटली, हा दोष आमचा.

मागाहून समजलें कीं मूळ खेळ ‘नेटहॅक’. त्याची वंशावळ बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत ‘रोग’ हा खेळ निघाला. तो पाहून १९८२ च्या सुमारास जे फेन्लासन या शाळकरी मुलानें सोबत्यांसह ‘हॅक’ रचला. हॉलंडांतील आंद्रिस ब्राउवर यांनीं १९८४ त तो वाढविला; १९८७ त त्याचाच ‘नेटहॅक’ झाला. पुढें हौशी लोकांनीं त्याचींही अनेक रूपांतरें केलीं. परवाना सांगतो : खुशाल बदला, इतरांस द्या, परंतु बदल आपण केला हें व त्याची तारीख ठळक लिहा.

हें ऐकून मुलगा खालीं मान घालून म्हणाला, “सर, मग माझें काय उरलें?”

आम्हीं म्हटलें, “बाळ, तूं बदललेल्या चार ओळी उरल्या, आणि त्या खरोखर तुझ्या आहेत.”

त्यानें जुनीं नांवें परत लिहिलीं, आणि शेवटीं तारखेसह आपलें. विद्यार्थिमित्रहो, वडिलांच्या नांवाखालीं लिहिलेलें आपलें नांव लहान दिसत नाहीं.