परतीची कॅसेट

गेल्या उन्हाळ्यात पंचवटीतले मामांचे घर रिकामे करण्याची वेळ आली. मामा आमच्यापैकी एकीचे सख्खे. पण वीस वर्षे एकाच मराठी विभागात शेजारच्या खुर्च्यांवर बसून शिकवणाऱ्या आम्हा दोघींचेही ते मामाच झाले होते. भांडी, गाद्या, जुनी पंचांगे यांची वाटणी झाल्यावर शेवटी उरला तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात तीसेक कॅसेटी. गीतरामायण, भीमसेनांचे अभंग, नाट्यपदे. आणि त्यांच्यामध्ये, चुकून भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी, रेमो फर्नांडिस यांची 'गोवन क्रेझी'. मामांनी ती १९८५ साली पणजीत घेतली होती. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. गाणारा स्वतःच स्कूटरवरून कॅसेटी आणून देतो, असे दुकानदाराने सांगितले, एवढ्यावरच त्यांनी पैसे मोजले होते. "स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि स्वतःच विकतो, अशा माणसाची एक तरी प्रत घ्यावी," हे त्यांचे स्पष्टीकरण आम्ही अनेकदा ऐकलेले होते. हेच वाक्य पुढे त्यांनी आमच्या बाबतीत निराळ्या रीतीने वापरले. त्याविषयी ओघाने येईलच.

आमच्या पिढीला रेमो भेटले ते १९९५ साली, 'बॉम्बे' चित्रपटातल्या 'हम्मा हम्मा'मधून. त्यानंतर १९९८ मध्ये 'ओ मेरी मुन्नी' आले. गॅदरिंगमध्ये ज्यावर नाचायचे असा एक खर्जातला, मिश्कील आवाज, याहून अधिक त्यांच्याविषयी जाणून घ्यावे असे आम्हांला तेव्हा वाटले नाही. त्या आवाजामागे केवढा मोठा वळसा होता, हे मामांच्या कॅसेटीमुळे पुष्कळ उशिरा कळले.

रेमो यांचा जन्म १९५३चा, पणजीतला. शाळेत असल्यापासून ते गिटार घेऊन रॉक बँडमध्ये वाजवत होते. मुंबईला जे. जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकताना 'द सॅव्हेजेस' या त्या काळी गाजलेल्या बँडमध्येही ते होते. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती केली, तिथल्या वादकांबरोबर वाजवले आणि मग ते गोव्याला परतले. स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन ते मुंबईतल्या रेकॉर्ड कंपन्यांकडे गेले, तेव्हा सर्वत्र नकार मिळाला. भारतीय माणसाने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांना बाजार नाही, हे तेव्हाचे व्यावसायिक शहाणपण होते. अखेर १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' निघाली ती घरी, एका लहानशा चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सगळी वाद्ये आणि सगळे आवाज त्यांचेच, मुखपृष्ठही त्यांनीच केलेले. आणि मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी वितरण.

याला 'कमबॅक' म्हणता येईल का, यावर आमच्या दोघींत बराच वाद झाला. रूढ अर्थाने कमबॅक म्हणजे जॉनी कॅशचे. जवळपास तीन दशके ज्या कंपनीसाठी तो गायला, त्या कोलंबियाने १९८६ मध्ये त्याला दूर केले. पुढे रॅप आणि हेवी मेटलसाठी ओळखल्या जाणाऱ्या रिक रुबिन या तरुण निर्मात्याने त्याला गिटार देऊन दिवाणखान्यात बसवले, आणि नुसता आवाज व गिटार यांवर उभा असलेला 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' हा अल्बम १९९४ मध्ये आला. तिथे आधी कीर्ती होती, मग विस्मरण, मग पुन्हा कीर्ती. रेमो यांच्यापाशी १९८४ मध्ये गमावण्याजोगी कीर्ती नव्हती. होती ती पंधराएक वर्षांची बँडमधली उमेदवारी. त्यामुळे आमच्यापैकी एकीचे म्हणणे पडले की याला पदार्पणच म्हणावे. दुसरीचे म्हणणे असे की परतणाऱ्याने टाळ्यांकडेच परतले पाहिजे असे कुठे आहे? चारचौघांत वाजवण्याची सवय असलेला कलावंत वळसा घालून आपल्या घराकडे, आपल्या गावच्या विषयांकडे येतो आणि पहिल्यांदाच एकटा उभा राहतो, हेही पुनरागमनच. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी 'ओल्ड गोवन गोल्ड'मध्ये जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी घेतली, हे पाहता दुसरीची बाजू आम्हांला आज अधिक पटते.

या एकटेपणाची तांत्रिक बाजू साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या कॅसेटीच्या फितीवर एका बाजूचे दोन आणि दुसऱ्या बाजूचे दोन असे चार पट्टे असतात. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणले, त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरता येऊ लागले. एका पट्ट्यावर ताल भरायचा, तो कानाला लावून दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बास. चौथ्याच्या पुढे काही हवे असेल तर पहिले तीन एकत्र करून उरलेल्या पट्ट्यावर उतरवायचे आणि मूळचे तीन पुसून नव्या वाद्यांसाठी मोकळे करायचे. एकदा असे केले की आतली गिटार थोडी कमी करू, ताल जरा मागे घेऊ, ही सोय संपली. शिवाय दर फेरीला फितीची सरसर वाढत जाते, म्हणून फेऱ्याही मोजक्याच. म्हणजे काय बोलायचे, काय दाबायचे आणि कशाला कायमचे कशात मिसळून टाकायचे, हे पुढचे ऐकू येण्याआधीच ठरवावे लागते. संगणकावर एकेका परिच्छेदाचे दहा-दहा मसुदे जपून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही शिस्त जवळजवळ क्रूर वाटली.

अर्थात या एकहातीपणाचे उदात्तीकरण करणे सोपे आहे. सगळे स्वतः करणाऱ्याला 'हे कडवे नको' असे सांगणारा कोणी नसतो. बँडमध्ये ड्रमवाला कंटाळला की गाणे आपोआप आखूड होते. घरी कंटाळणाराही आपणच. आणि आपल्याकडची परतीची उदाहरणे पाहिली तर बहुतेकांच्या मागे दुसरा एखादा हात दिसतो. अरुण कोलटकर हे जे. जे.च्याच कलाशाळेचे. त्यांनी १९७३ मध्ये स्वतःची काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्यांची तबकडी निघाली नाही आणि गायक कोलटकर तिथेच थांबले. कवी कोलटकरही १९७७च्या 'अरुण कोलटकरच्या कविता'नंतर संग्रहरूपाने मराठीत दिसले ते थेट २००३ मध्ये, 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' घेऊन. मधली सव्वीस वर्षे ते लिहीत होते, आणि दोन्ही टोकांना अशोक शहाणे यांचे प्रास प्रकाशन उभे होते. आमच्या नाशिकचे उदाहरण द्यायचे तर कुसुमाग्रजांची 'विशाखा' १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापली. रेमो यांच्या वाट्याला असे खांडेकर किंवा शहाणे आले नाहीत, म्हणून स्कूटर आली, असेही म्हणता येईल.

आता आमच्याविषयी. आम्हा दोघींचे समीक्षालेखांचे एक संयुक्त हस्तलिखित २०१२ मध्ये तयार झाले होते. एका प्रकाशकाने ते अभ्यासक्रमाला पूरक करून मागितले, दुसऱ्याने दोनशे प्रती आम्हीच उचलाव्यात अशी अट घातली, तिसऱ्याचे उत्तर आले नाही. आम्ही रुसलो आणि फाइल कपाटात गेली. त्यानंतर लिहिले ते पदोन्नतीच्या गुणांसाठी. ते शोधनिबंध वाचनीय नाहीत हे लिहिताना आम्हांला माहीत होते, आणि विद्यार्थ्यांना मात्र आम्ही वर्गात निष्ठेने लिहिण्याचे धडे देत होतो. मामा दर दिवाळीला विचारत, "पुस्तक कुठवर आलं?" आम्ही प्रकाशन व्यवसायाची दुःस्थिती वर्णन करत असू. शेवटच्या दिवाळीला त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "एक तरी प्रत घ्यावी म्हटलं, तर तुम्ही ती करतही नाही." माघात ते गेले.

डबा घरी आणल्यावर एका रविवारी दुरुस्त करून घेतलेल्या टेपवर ती कॅसेट लावली. फीत दोनदा अडकली. पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली. सरसर होतीच, पण तिच्यावर रेलून बसलेला तो तरुण आवाज कोणाचीही परवानगी न मागता आपल्या गावाविषयी बोलत होता. दुसरी बाजू संपल्यावर आमच्यापैकी एकीने काही न बोलता कपाटातली फाइल काढली.

इथे आमचेही 'गोवन क्रेझी' निघाले असते तर हा लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. अकरा लेखांपैकी सात आज आम्हांलाच वाचवेनात. त्यांत मान्यवर समीक्षकांची अवतरणे होती, त्यांना आवडेल अशी भाषा होती. आम्ही फारशा नव्हतो. ज्यांना आम्ही बारा वर्षे बाजारू म्हणत आलो, त्यांनी कदाचित वेगळ्या कारणाने, पण बरोबर उत्तर दिले होते. रेमो यांना नकार मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या आवाजाला. आम्हांला मिळाला तो उसन्या आवाजाला. हा फरक न ओळखता दोन्ही नकारांना एकाच मापाने मोजत, आम्ही स्वतःला उपेक्षितांच्या पंक्तीत बसवून घेतले होते.

रेमो यांचे पुढे सर्वश्रुत आहे. १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक', १९८७ मध्ये 'बॉम्बे सिटी', त्याच वर्षी 'जलवा'चे शीर्षकगीत. २००७ मध्ये पद्मश्री, २०२१ मध्ये आत्मचरित्र. आमच्याकडे सध्या चार लेख उरले आहेत. प्रत्येकीने दुसरीच्या लेखातले नको असलेले पुसायचे आणि पुसलेले परत मागायचे नाही, एवढा नियम आम्ही चार ट्रॅककडून घेतला आहे. म्हणजे ड्रमवाल्याचीही सोय झाली. पाचवा लेख लिहायला घेतला आहे, त्याला गुण मिळणार नाहीत. पुस्तक झाले तर शंभर प्रती काढू, आणि नाशिक रोडपासून गंगापूर रोडपर्यंतच्या दुकानांत स्वतः नेऊन देऊ. स्कूटर आहे. पहिली प्रत मात्र कोणाला विकायची, हा प्रश्न आता सुटण्यासारखा नाही.