पावती मिळाली, लायसन नाही

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही काही विद्यार्थी यवतमाळ जिल्ह्यातल्या विधी सेवा शिबिरांत मदतीला जायचो. घाटंजी, पांढरकवडा भागातले पिकअपवाले माझ्या वाट्याला आले. कापूस वेचणीच्या हंगामात मजुरांना मालवाहू गाडीत बसवून शेतावर नेणं तिकडे नेहमीचंच. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 21 नुसार त्यासाठी लायसन निलंबित होऊ शकतं, आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने निलंबन करा, असं राज्यांना बजावलं होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विचारायचंही सुचलं नाही.

कोलाम जमातीचे एक काका कॅरीबॅगमध्ये सगळे कागद घेऊन आले. मजूर नेल्याबद्दलचं चलान, आरसी, आणि परिवहन कार्यालयाचा घडी घातलेला लिफाफा. लायसन तेवढं जमा करून घेतलेलं. मी चलान तेवढं उचललं, लिफाफा परत पिशवीत सरकवला. लोकअदालतीत तडजोडीचा दंड भरून घेतला आणि ऐटीत म्हणाले, "काका, मिटलं."

"पावती भेटली जी मॅडम, पण लायसन?"

"येईल पोस्टानं." हे मी कशाच्या आधारावर बोलले, आजही सांगता येणार नाही.

लिफाफ्यात कारणे दाखवा नोटीस होती. दंड वेगळा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 19 खालचं निलंबन वेगळं. लोकअदालतीत एक मिटलं म्हणून दुसरं मिटत नाही. म्हणणं मांडायची तारीख गेली, आदेश निघाला. त्या आदेशाचा लिफाफा काकांनी फोडलासुद्धा नाही, कारण मॅडमनं मिटलं म्हणून सांगितलं होतं! अपिलाला आदेश हाती पडल्यापासून 30 दिवस असतात. तेही गेले. आणि एवढे दिवस काका गाडी चालवतच होते. निलंबित असताना चालवलं तर कलम 182 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ते सापडले नाहीत, एवढंच.

शिबिराच्या अहवालात मात्र मी हे प्रकरण 'निकाली' म्हणून लिहिलं होतं.

शिबिरात बसणाऱ्या विद्यार्थ्यांनो, चलानाला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयाचा कागद कधी आला ते विचारा, आणि निकाल कळेपर्यंत गाडी चालवू नका, असं स्पष्ट सांगा. चालक अनुसूचित जमातीचा असेल तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; त्याला तालुका विधी सेवा समितीकडे त्याच दिवशी घेऊन जा.